ज्वाळेला न शिवता: तप्त वायूंच्या तापमापनाचा इतिहास, विजयदुर्ग ते ऐरोली

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरची ऐरोली आज माहिती-तंत्रज्ञानाच्या कार्यालयांसाठी, मुलुंडला जोडणाऱ्या पुलासाठी आणि खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी ओळखली जात असली, तरी या परिसराच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात भट्टी, बॉयलर आणि धुराडे यांनी झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग वाढत गेली. १९७० मध्ये सिडको अस्तित्वात येऊन नवी मुंबईचे नियोजन सुरू झाले, तेव्हा दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली या आगरी-कोळी गावांची भातशेती आणि मिठागरे यांच्या शेजारी रसायनांचे कारखाने आधीच धडधडत होते. या पट्ट्याचा इतिहास सहसा भूसंपादन, कामगार आणि प्रदूषण या अंगांनी लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु या कारखान्यांत प्रत्येक पाळीत, दिवसरात्र, आणखी एक प्रश्न विचारला जात होता, तो म्हणजे आतला वायू नेमका किती तापला आहे; आणि या प्रश्नाचा इतिहास मात्र मराठीत जवळजवळ कोणी लिहिलेला नाही.

या पट्ट्यातील सर्वांत बोलके उदाहरण नोसिलचे. मफतलाल समूह आणि शेल यांच्या भागीदारीतून १९६१ मध्ये नोंदलेल्या नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर नॅफ्था भंजनाचा कारखाना सुरू केला. त्याच्या नावाचा ‘नोसिल नाका’ घणसोली परिसरात अजून टिकून आहे. नॅफ्था म्हणजे खनिज तेलातून निघणारा पेट्रोलसारखा हलका द्रव. त्याची वाफ पाण्याच्या वाफेबरोबर भट्टीतील नळ्यांतून सोडली, की ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचे मोठे रेणू तुटतात आणि प्लॅस्टिकच्या उद्योगाला लागणारे इथिलीन, प्रॉपिलीन असे लहान रेणू तयार होतात. हा सारा व्यवहार एका सेकंदाहूनही कमी वेळात उरकतो. तापमान थोडे घसरले तर नॅफ्था अर्धवट तुटून बाहेर पडतो आणि थोडे चढले तर नळीच्या आतल्या अंगावर कोळशाचा थर धरू लागतो, म्हणून नळी भट्टीबाहेर पडते त्या ठिकाणचे तापमान, ज्याला अशा कारखान्यांत ‘सीओटी’ म्हणतात, हा संपूर्ण संयंत्राचा कारभार हाकणारा आकडा असतो.

तो आकडा मिळवण्याचे साधन दिसायला अगदी साधे होते. वायूच्या वाटेत मिश्रधातूची एक बंद टोकाची नळी, म्हणजे थर्मोवेल, आडवी खुपसलेली असते. जुन्या बनावटीत तिच्या पोटात चिनी मातीच्या मण्यांतून ओवलेल्या दोन तारा असत, एक निकेल-क्रोमियमची आणि दुसरी निकेल-ॲल्युमिनियमची, आणि त्या टोकाशी एकमेकींना जोडलेल्या असत. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की तारांच्या दुसऱ्या टोकांमध्ये विजेचा अत्यल्प दाब निर्माण होतो, हे थॉमस झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते, आणि या जोडीलाच थर्मोकपल म्हणतात. ८५० अंशांना हा दाब जेमतेम ३५ मिलिव्होल्ट भरतो. तो केबलमधून नियंत्रणकक्षात पोहोचतो आणि तिथे सरकत्या कागदावर पेनाची रेघ उमटते. ती रेघ सरळ राहावी म्हणून पाळीवरचा ऑपरेटर बर्नरचे इंधन कमीजास्त करतो. कारखान्यातील ‘इन्स्ट्रुमेंटवाल्यां’च्या कामाचा मोठा भाग या तारा बदलण्यात आणि त्यांची अचूकता प्रमाण साधनाशी ताडून पाहण्यात जात असे.

थर्मोकपलचा एक दोष मात्र मूलभूत आहे. ते वायूचे तापमान सांगत नाही, स्वतःचे सांगते. वायू त्याला तापवतो हे खरे, पण त्याच वेळी भट्टीच्या भिंती, शेजारची ज्वाळा आणि थंड नळ्या यांच्याशी त्याची किरणांच्या रूपाने उष्णतेची देवघेव चालू असते, आणि शेवटी ते जिथे स्थिरावते तो या सगळ्यांमधला समझोता असतो. वेगाने वाहणाऱ्या वायूच्या नळीत ही तफावत थोडी असते. भट्टीच्या मोकळ्या पोटात ती शेकडो अंशांवर जाऊ शकते. यावर उपाय म्हणून वायू जोराने ओढून घेऊन किरणांपासून आडोसा केलेल्या थर्मोकपलवरून वाहवणारे शोषण-पायरोमीटर निघाले, परंतु ते अवजड, पाण्याने थंड ठेवावे लागणारे आणि ज्वाळेला विस्कटून टाकणारे साधन होते. शिवाय जाड थर्मोवेलला तापमानातील बदल कळायला कित्येक सेकंद लागतात, तर खवळत्या ज्वाळेत ते एका सेकंदात शेकडो वेळा बदलते. तापलेल्या पृष्ठभागाच्या तेजावरून तापमान ओळखणारा प्रकाशीय पायरोमीटर भट्टीची भिंत किंवा नळीचा बाहेरचा पृष्ठभाग मोजू शके. स्वच्छ जळणारा वायू मात्र जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे त्याच्यापुढे हे साधन निरुपयोगी ठरे.

वायूला हात न लावता, केवळ त्याच्या प्रकाशावरून त्याची अवस्था ओळखण्याची विद्या मात्र कारखान्यांच्या आधीच महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन गेली होती, आणि ती आली सूर्यग्रहणाच्या निमित्ताने. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दख्खन ओलांडून गेला, तेव्हा दक्षिण मराठा मुलखातील जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटींतून वर्णपटदर्शक रोखून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत ठळक रंगीत रेषा पाहिल्या, आणि गुंटूरला पियेर झान्सेन यांनीही तसेच निरीक्षण केले. ठळक रेषा म्हणजे तप्त वायूची खूण, म्हणून सूर्याच्या ज्वाळा वायुरूप आहेत हे त्या दिवशी ठरले. त्यांपैकी पिवळी रेषा पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची निघाली. विजयदुर्ग किल्ल्यावर जे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, तिथूनच नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियमचा शोध लावला असे कोकणात सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ती रेषा ऑक्टोबर महिन्यात, ग्रहणाच्या मदतीविना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आरमारी जहाजाच्या खलाशांना हाताशी घेऊन. त्यामुळे ते ओटे १८९८ च्या या मोहिमेशी जोडणेच युक्त ठरते.

हा तपशील केवळ दंतकथेची दुरुस्ती म्हणून महत्त्वाचा नाही. १८९८ पर्यंत प्रश्न बदललेला होता: वायू कोणता, हे कळत होते, आता तो किती तापला आहे, हे रेषांवरून ठरवता येईल का, याचा शोध चालू होता. लॉकियर यांनी प्रयोगशाळेत पाहिले होते, की विजेच्या ठिणगीत काही रेषा ठळक होतात आणि त्यामानाने थंड अशा विद्युत्-ज्योतीत त्या फिक्या पडतात, आणि यावरून ताऱ्यांची तापमानानुसार वर्गवारी करण्याचा त्यांनी आग्रह धरला होता. त्या जानेवारीत महाराष्ट्रात जणू वर्णपटांची जत्राच भरली: विजयदुर्गला लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी, विदर्भातील पुलगावला न्यूऑल आणि तळणीला जॉन एव्हरशेड. सूर्यबिंब झाकले जाताच क्षणभर झळकणाऱ्या तप्त वायुथराच्या रेषा टिपण्यासाठी हे सारे आले होते. ठिणगीत ठळक होणाऱ्या रेषांचे खरे कारण मात्र लॉकियर यांना सापडले नाही. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दाखवले, की तापमान वाढले की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि अशा आयनीभूत अणूंच्या रेषा वेगळ्या असतात, त्यामुळे रेषांच्या प्रखरतेवरून वायूचे तापमान गणिताने काढता येते. त्यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, लॉकियर निवर्तले होते.

सूर्यासाठी घडलेली ही विद्या भट्टीपर्यंत आणण्याचा पहिला व्यवहार्य मार्ग म्हणजे रेषा-उत्क्रमणाची पद्धत, जी १९०३ च्या सुमारास शार्ल फेरी यांनी मांडली. ज्वाळेत चिमूटभर मीठ टाकले की सोडियमची पिवळी रेषा चमकते; ज्वाळेमागे दिवा ठेवून त्याचे तापमान वाढवत नेले, की दिवा ज्वाळेहून थंड असेपर्यंत ती रेषा उजळ दिसते, अधिक तप्त झाल्यावर काळी दिसते, आणि दोन्ही सारखे होताच नाहीशी होते. तप्त वायू चुंबकीय क्षेत्रातून वाहवून थेट वीज काढण्याच्या ज्या योजना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर हाती घेतल्या गेल्या, त्यांत ही पद्धत मुख्य आधार होती, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही भेलच्या सहकार्याने तिरुचिरापल्लीला १९८० च्या दशकात तसे प्रायोगिक संयंत्र उभारले होते. तरीही या पद्धतीत दोन उणिवा राहिल्याच: वायूत बाहेरचे काहीतरी मिसळावे लागे, आणि मिळणारा आकडा एका बिंदूचा नसून प्रकाशाच्या संपूर्ण वाटेचा, बऱ्याच अंशी सरासरीसारखा असे.

यातून वाट काढली ती कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर झालेल्या शोधाने. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले, की पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा एक अत्यल्प अंश रंग बदलून विखुरतो, कारण प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा रेणूकडून घेतो. किती रेणू ऊर्जा द्यायला तयार आहेत हे त्यांच्या तापमानावर अवलंबून असते. नायट्रोजनचा रेणू कंप पावतो आणि फिरतो, पण त्याला हव्या त्या वेगाने फिरता येत नाही. पुंजवादाच्या नियमाने त्याला ठरावीक पायऱ्यांवरच उभे राहावे लागते. खोलीच्या तापमानाला सर्वाधिक गर्दी सातव्या पायरीच्या आसपास असते, तर २००० केल्विनच्या ज्वाळेत ती अठराव्या पायरीच्या आसपास सरकते. ही गर्दीची वाटणी हेच वायूचे तापमान, आणि हवेत जळणाऱ्या प्रत्येक ज्वाळेत नायट्रोजन आयताच हजर असल्याने मीठ टाकण्याची गरज उरत नाही. अडचण इतकीच, की वायूत हा विखुरलेला प्रकाश इतका क्षीण असतो, की ज्वाळेच्या स्वतःच्या उजेडात तो हरवून जातो.

१९६० मध्ये लेसर आला आणि पाच वर्षांनी, फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत, मेकर आणि टरह्यून यांनी अशी युक्ती दाखवली जिला पुढे ‘कार्स’ हे संक्षिप्त नाव मिळाले. दोन लेसरांच्या रंगांतील फरक रेणूच्या कंपनाइतका ठेवून ते एकाच बिंदूवर आणले, की त्या बिंदूतील सारे रेणू एका तालात कंप पावू लागतात. तिसरा किरण त्यांच्यावर टाकला, की नव्या रंगाचा, लेसरसारखाच सरळ जाणारा झोत बाहेर पडतो आणि तो लहानशा खिडकीतून दूरवर नेऊन मोजता येतो. फ्रान्सच्या ओनेरा या वैमानिकी संशोधनसंस्थेत तारां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या सुमारास ही युक्ती ज्वाळेतील वायूंवर चालवून दाखवली. पण त्या काळातील लेसरांचे स्पंद काही नॅनोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांचे असत, आणि तेवढ्या अवधीत रेणू एकमेकांवर अनेकदा आदळून घेत. त्या टकरींचा हिशेब अचूक केल्याशिवाय तापमान निघत नसे, आणि उच्च दाबाच्या वायूत तो हिशेब फार किचकट होई.

अतिजलद लेसरांनी नेमकी हीच अडचण दूर केली. १९८० च्या दशकात फेम्टोसेकंद स्पंद, म्हणजे सेकंदाच्या एका अब्जांशाच्याही दहालाखांशांत मोजले जाणारे स्पंद, हाताशी आले. पीटर मोल्टन यांचा टायटॅनियम-नीलमणी लेसर, आणि स्ट्रिकलंड व मूरू यांची १९८५ ची स्पंदवर्धनाची रीत, जिला २०१८ चे नोबेल मिळाले, यांनी त्यांना बळ दिले. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश फक्त ३० मायक्रोमीटर अंतर कापतो. इतक्या आखूड स्पंदात रंगांचा पट्टा आपोआपच रुंद असतो, म्हणून तो नायट्रोजनच्या सगळ्या पायऱ्यांवरच्या रेणूंना एकाच क्षणी हलवतो. पुढे काय घडते ते लेझीम पथकासारखे आहे: पहिल्या ठेक्याला सगळे एकसाथ असतात, पण प्रत्येकाची लय किंचित वेगळी असल्याने हळूहळू ताल सुटत जातो, आणि जितक्या अधिक वेगळ्या लयीचे गडी पथकात असतील तितका तो लवकर सुटतो. वायू तापलेला असेल तर अधिक पायऱ्या भरलेल्या असतात, म्हणून ताल लवकर फुटतो. पहिल्या काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या काही हजारांशांत, बाहेर पडणारा झोत किती वेगाने मावळतो एवढे मोजले की तापमान कळते. वातावरणाच्या दाबाला रेणूची दुसऱ्या रेणूशी टक्कर व्हायला साधारण शंभर पिकोसेकंद किंवा अधिक लागतात; त्यामुळे टकरीची पाळी येण्याआधीच जबानी घेऊन झालेली असते.

हे मोजमाप प्रयोगशाळेत ज्या रीतीने होते ती पाहण्याजोगी आहे. पिकोसेकंद मोजू शकेल असे घड्याळ टेबलावर नसते. तिसऱ्या किरणाच्या वाटेत सरकत्या पट्टीवर दोन आरसे काटकोनात बसवलेले असतात आणि पट्टी ०.१५ मिलिमीटर मागे सरकवली, की जाऊन-येऊन वाट ०.३ मिलिमीटरने लांबते आणि किरण बरोबर एका पिकोसेकंदाने उशिरा पोहोचतो. वेळ अशी अंतराच्या मापाने मोजली जाते. म्युनिकजवळच्या गार्खिंगला लांग आणि मोट्झकुस यांनी या शतकाच्या आरंभी, आणि अमेरिकेत लुख्ट, रॉय, मेयर व गॉर्ड यांनी २००६ मध्ये तालभंगावरून वायूचे तापमान काढून दाखवले. पुढे पट्टी सरकवण्याऐवजी तिसरा स्पंद ताणून लांब करण्याची युक्ती निघाली आणि एकाच स्पंदात, सेकंदाला हजार किंवा पाच हजार वेळा, तापमान नोंदवता येऊ लागले. खवळत्या ज्वाळेच्या हेलकाव्यांचा पाठलाग करणारा तापमापक मिळाला.

या साऱ्या घडामोडींत मुंबईची बाजू रिकामी नव्हती. ट्रॉम्बेला १९६० च्या दशकाच्या मध्यावरच अर्धवाहक लेसर तयार झाला होता आणि त्याच्या प्रकाशावर ट्रॉम्बे ते कुलाबा असा संदेशवहनाचा प्रयोगही करण्यात आला. ट्रॉम्बेच्या लेसर विभागात घडलेले डॉ. दिलीप देवीदास भवाळकर पुढे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे, म्हणजे आजच्या राजा रामण्णा केंद्राचे, संस्थापक-संचालक झाले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेने फेम्टोसेकंद स्पंदांनी पदार्थाचे क्षणात प्लाझ्मात, म्हणजे लक्षावधी अंश तापलेल्या विद्युत्-भारित वायूत, रूपांतर करून त्याचा अभ्यास केला आणि त्यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेत धर्माधिकारी, माथूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकातून आखूड स्पंदाचा शुभ्र, सर्वरंगी प्रकाश कार्यक्षमतेने कसा मिळवावा हे दाखवले. अशा रुंद पट्ट्याच्या प्रकाशाचा उपयोग पुढे परदेशात कार्स-तापमापनातही करण्यात आला.

म्हणजे साहांचे समीकरण, रामन यांचा परिणाम, ट्रॉम्बेचा लेसर आणि कुलाब्याचे स्पंद हे सारे घटक इथे होते, आणि तापमान विचारणारे तप्त वायूही खाडीपलीकडे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, होते. तरीही वायूचे अतिजलद तापमापन इथे घडले नाही, ते विमानाच्या इंजिनांवर आणि रॉकेटांवर पैसा खर्च करणाऱ्या देशांत घडले. याचे खापर शास्त्रज्ञांच्या किंवा कारखानदारांच्या माथी फोडणे सोपे असले तरी न्याय्य नाही. नॅफ्थाच्या भट्टीला खरे तापमान लागत नव्हते, तेच तापमान पुन्हा लागत होते: कालच्या पाळीत ८४० दाखवत असताना माल चांगला निघाला असेल, तर आजही ८४० दाखवले म्हणजे पुरे, मग तो आकडा पाच-सात अंशांनी चुकीचा का असेना. खऱ्या तापमानाची गरज पडते ती नवे इंजिन किंवा नवी भट्टी आखणाऱ्याला, आणि या पट्ट्यातील मोठ्या भट्ट्यांची आखणी बहुधा परदेशी परवान्यांबरोबर तयारच येत असे. जिथे आखणी होत नाही तिथे मोजमापाची विद्या रुजत नाही.

कारखान्यांच्या भट्ट्यांपर्यंत लेसर पोहोचला तोही निराळ्या वाटेने. पाण्याच्या वाफेने किंवा ऑक्सिजनने शोषलेला प्रकाश मोजणारे लहान डायोड-लेसर आता तेलशुद्धीकरण आणि वीजनिर्मितीच्या उद्योगांत बसवले जातात. ते संपूर्ण वाटेची सरासरी देतात, पण धूळ, कंप आणि उन्हाळा सोसतात. फेम्टोसेकंद यंत्रणेला न हलणारे टेबल, स्वच्छ खिडक्या, स्थिर तापमानाची खोली आणि ती जुळवत बसणारा प्रशिक्षित माणूस लागतो, म्हणून ती आजही प्रामुख्याने प्रयोगशाळेचे साधन आहे, जिच्याशी इतर साधने ताडून पाहावीत. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात आता माहिती-साठवण केंद्रे उभी राहत आहेत आणि तिथेही वायूचे, म्हणजे थंड हवेचे, तापमान रात्रंदिवस मोजले जाते. भट्ट्या गेल्या तरी तो प्रश्न गेला नाही, फक्त आकडा ८०० वरून विशी-पंचविशीत आला.

नोसिलची ती भंजक भट्टी आता इतिहासजमा झाली आहे आणि तिच्यासारख्या संयंत्रांच्या नोंदवह्या, गोल तक्ते, कॅलिब्रेशनची रजिस्टरे यांपैकी बहुतेक रद्दीत गेली असतील, पण सगळीच गेली नसतील. सिडकोच्या वसाहतींत या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे अजून राहतात, आणि कोणत्या भट्टीत कोणते थर्मोकपल किती दिवस टिके, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या आकड्याला दहा अंश जोडून वाचायचे, हे त्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी वही किंवा तक्त्यांचे भेंडोळे उरले असेल, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावे.